खोलगडाची पायी फेरी: काब द रामचा किल्ला बाहेरून आत कसा पाहावा

काणकोण तालुक्यात समुद्रात घुसलेल्या एका उंच भूशिरावर खोलगड आहे. पाट्यांवर आणि नकाशात तो काब द राम या नावाने सापडतो. वनवासात राम-सीता इथे राहून गेले अशी लोकश्रद्धा आहे, आणि पोर्तुगीज नावातही राम टिकून राहिला. येणारी बहुतेक माणसं दुपार कलल्यावर येतात, दरवाजातून तडक पश्चिमेच्या कड्याकडे जातात, सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि परत फिरतात. किल्ला मात्र पाठीमागे राहिलेला असतो.

इथे सुचवलेली फेरी निवांत तीन तासांची आहे आणि तिचा क्रम नेमका उलटा आहे. आधी खंदक, मग दरवाजा, तट, आतले अवशेष, पाणी, आणि सर्वांत शेवटी समुद्र. कारण साधं आहे. या किल्ल्याच्या तीन बाजू समुद्राने आणि कड्यांनी राखल्या आहेत. बांधणाऱ्याची सगळी मेहनत गेली ती चौथ्या, जमिनीच्या बाजूला. शत्रू जिथून येणार होता तिथूनच चालत आलात तर पडझडीतही किल्ल्याची रचना लक्षात येते.

महाराष्ट्रातून येणाऱ्या गडप्रेमींनी डोळे थोडे बदलून यावं. सह्याद्रीत चढण हीच अर्धी तटबंदी असते, आणि दगड काळा, टणक. गोव्याच्या किनारी किल्ल्यांना चढण जवळपास नाही. गाडी दरवाजाच्या जवळपर्यंत जाते. दगड तांबडा, सच्छिद्र जांभा. त्यामुळे 'यात बघण्यासारखं काय' असं पहिल्या पाच मिनिटांत वाटू शकतं. त्यावर उपाय एकच, चालण्याचा वेग निम्मा करायचा.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. गवत वाळत आलेलं असतं, पायवाटा दिसतात, तटाच्या पायापर्यंत नजर पोचते. मार्च-एप्रिलमध्येही जाता येतं, पण सकाळी दहानंतर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा सपाट खडकाळ माथा, तापतो आणि दुपारी तिथे उभं राहवत नाही. ऑक्टोबरला कमी लेखू नका. पाऊस संपल्यावरचं ऊन फार लागतं आणि रान कंबरेएवढं वाढलेलं असतं.

पावसाळ्यात जाऊ नका असं मी म्हणणार नाही. जून ते सप्टेंबरमध्ये कोकण-गोव्याच्या सड्यांवर गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू अशी बोटभर उंचीची फुलं येतात आणि ती पाहण्यासाठी वेगळी वाट वाकडी करावी अशी असतात. पण त्या दिवसांत जांभ्यावर शेवाळ धरतं, वारा कड्यावर धक्के देतो, आणि भिजून जड झालेला जुना तट केव्हा ढासळेल याचा भरवसा नसतो. तेव्हा पावसात फक्त दरवाजा आणि आतला सपाट भाग पाहावा. तट आणि कडा दोन्ही वर्ज्य.

दिवसाची वेळ सकाळचीच धरा. दरवाजा उघडण्या-मिटण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात. लवकर पोचलात तरी बिघडत नाही, कारण फेरीचा पहिला भाग बाहेरचाच आहे. सकाळी सूर्य पूर्वेकडून थेट तटाच्या बाहेरच्या अंगावर पडतो. चिऱ्यांवरच्या, म्हणजे जांभ्याच्या घडवलेल्या ठोकळ्यांवरच्या छिन्नीच्या खुणा, सांधे, डागडुजीचे पट्टे या तिरप्या उजेडात जेवढे स्पष्ट दिसतात तेवढे दुपारी दिसत नाहीत. संध्याकाळी तर तटाची हीच बाजू सावलीत असते. सूर्यास्तासाठी येणाऱ्यांना किल्ला का दिसत नाही, त्याचं हेही एक कारण आहे.

सोबत काय न्यायचं

माणशी दोन लिटर पाणी. बाहेर छोटी दुकानं असतात, पण ती सकाळी लवकर उघडी असतीलच असं नाही. घोट्यापर्यंतचे, चांगली पकड असलेले बूट. जांभ्याला बारीक खड्डे आणि धारदार कडा असतात, चपलेत पाय मुरगळतो. पूर्ण लांबीची पँट हवीच, कारण करवंदीच्या जाळ्या वाटेवर येतात. टोपी, छोटी दुर्बीण असल्यास उत्तम, आणि एक वही. वहीचा आग्रह धरतो, कारण हाताने नकाशा काढायला लागलं की माणूस आपोआप थांबून पाहतो. खाऊ उघडा हातात धरू नका, माकडं असतात.

जायचं कसं

मडगावहून दोन वाटा आहेत. एक कुंकळ्ळी-बाळ्ळीवरून महामार्गाने आणि मग पश्चिमेला वळून. दुसरी किनाऱ्याची, चिंचिणी, असोळणे, बेतूल, कानागिणी अशी. अंतर साधारण पंचवीस-तीस किलोमीटर. जाताना किनाऱ्याची वाट धरा. कदंबच्या, म्हणजे गोवा सरकारच्या, आणि खासगी बसेस या भागात मोजक्याच असतात. बसने गेलात तर उतरतानाच कंडक्टरला परतीची वेळ विचारून घ्या. रेल्वेने येणाऱ्यांना मडगाव किंवा काणकोण स्टेशन सोयीचं, तिथून रिक्षा किंवा टॅक्सी. भाडं परतीसकट आणि तीन तास थांबण्यासकट आधीच ठरवा, कारण गावात परतीची टॅक्सी आयत्या वेळी मिळत नाही.

किनाऱ्याच्या वाटेने जाण्याचा आग्रह दोन जागांसाठी आहे. पहिली असोळणे. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी आपली देवळं पाडणाऱ्या पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उठाव केला आणि जेझुइट पाद्र्यांना ठार मारलं. नंतर बोलणी करायची म्हणून गावच्या सोळा प्रमुखांना असोळणेच्या कोटात बोलावण्यात आलं आणि तिथे त्यांची कत्तल झाली. एकटा नदीत उडी टाकून निसटला. साळ नदीवरचा पूल ओलांडताना ही गोष्ट माहीत असावी, एवढ्यासाठी सांगितली. कोट म्हणजे नुसता तट आणि तोफा नव्हेत, हे पुढे खोलगडात तुरुंगाचे अवशेष पाहताना उपयोगी पडेल.

दुसरी जागा बेतूल. साळ नदी जिथे समुद्राला मिळते तिथे शिवाजी महाराजांच्या हुकमावरून बाळ्ळीच्या हवालदाराने १६७९ मध्ये किल्ला उभारायला घेतला. आज फार थोडं उरलंय, पण जागा बघा. नदीचं तोंड, ये-जा करणारी गलबतं आणि पलीकडे गोव्यातला पोर्तुगीजांच्या ताब्यातला साष्टी महाल. एवढ्याशा टेकाडावर बसून महाराजांना कशावर नजर ठेवायची होती ते पाच मिनिटांत कळतं. तिथून खोलगडाकडे निघालात की दोन किल्ल्यांच्या जागांची तुलना मनात घेऊनच पोचाल.

पहिला टप्पा: खंदकाच्या काठाने

गाडी लावली की दरवाजाकडे जाऊ नका. खंदकाच्या अलीकडे थांबा आणि तटाला समांतर, दोन्ही बाजूंना जिथवर पायवाट नेईल तिथवर चालून या. खंदक कोरडा आहे. त्याच्या भिंती निरखून पाहा. त्या बांधलेल्या नाहीत, सड्याच्या जांभ्यातच खोदलेल्या आहेत. आता समोरच्या तटाकडे पाहा. तोच दगड, तोच रंग. अशा किल्ल्यांत खंदक हीच चिरेखाण असते. जितका चिरा खालून निघतो तितका वर चढतो, म्हणजे एकाच कष्टात खंदक खोल होतो आणि तट उंच. दगड लांबून वाहून आणायचा खर्च वाचतो. कोकण-गोव्यात आजही घर बांधणारा माणूस चिऱ्याच्या ट्रकचं भाडं मोजताना हाच हिशेब करतो.

जांभ्याचा गुणही या कामाला सोयीचा. जमिनीतून काढताना तो तुलनेने मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो, आणि उघड्या हवेत राहिला की कठीण होतो. पण तो सच्छिद्र आहे. पाणी पितो, झाडांची मुळं आत घेतो. म्हणून अशा तटांवर चुन्याचा गिलावा करत. गोव्यात हा चुना बहुधा शिंपले भाजून केला जाई. तटावर कुठे पांढुरका थर शिल्लक दिसला तर जवळ जाऊन पाहा, काही वेळा शिंपल्याचे बारीक कण डोळ्यांना दिसतात. बोटाने खरवडू नका. तेवढा थर गेला तर आतला चिरा उघडा पडतो.

याच फेरीत बुरुजांचा आकार वहीत टिपा. मराठा आणि त्याआधीच्या देशी बांधणीत बुरूज सहसा गोल, तर युरोपीय लष्करी बांधणीत कोनदार असतात, कारण कोनदार बुरुजावरून शेजारच्या तटाच्या पायथ्यावर थेट मारा करता येतो. एकाच किल्ल्यात दोन्ही तऱ्हा किंवा चिऱ्यांची दोन मापं दिसली की तिथे दोन राजवटींचे हात लागलेत असं समजायला जागा आहे. खोलगडाच्या बाबतीत हा शोध महत्त्वाचा आहे, कारण हा किल्ला पोर्तुगीजांनी मुळातून बांधलेला नाही.

त्यांना तो मिळाला १७६३ मध्ये, सौंधेकर राजाकडून. सौंधे म्हणजे आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातलं शिरसीजवळचं छोटं राज्य. हैदर अलीने ते गिळंकृत केलं तेव्हा राजा आश्रयासाठी गोव्यात आला, आणि फोंडा, काणकोण असे त्याचे मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. गोव्याच्या इतिहासात ज्यांना नव्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर मिळवलेले मुलूख, म्हणतात, त्यांतला हा भाग. सौंधेकरांचं घराणं पुढे फोंड्याजवळ बांदिवड्यात नागेशीला राहिलं. ज्यांना रस असेल त्यांनी खोलगड आणि नागेशी एकाच सहलीत जोडावेत. एका ठिकाणी राजाने गमावलेला किल्ला, दुसऱ्या ठिकाणी त्याचा आसरा.

दुसरा टप्पा: दरवाजा

आता खंदक ओलांडून दरवाजात या. कमानीखाली थांबून दोन्ही भिंतींवर अडसराच्या खाचा शोधा. दरवाजा आतून बंद करायचा लाकडी अडसर याच खाचांत सरकत असे. मग वळून बाहेर पाहा. तटावरून, बुरुजांवरून किती ठिकाणांहून तुमच्यावर मारा करता आला असता, ते मोजा. हा दरवाजाचा खरा अर्थ आहे. नव्याने दुरुस्त झालेला भाग कुठला आणि जुना कुठला हेही इथेच ओळखायला शिका. नवा गिलावा एकसारखा, कडा सरळ. जुन्या कामात चिऱ्याच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात. दुरुस्तीला नावं ठेवण्याचं कारण नाही. खोलगड राज्य संरक्षित स्मारक आहे, आणि जांभ्याचा किल्ला डागडुजीशिवाय पावसाळ्यांपुढे टिकत नाही.

तिसरा टप्पा: तट आणि तोफा

आत आल्यावर लगेच पुढे न जाता तटाच्या आतल्या अंगाने चाला. जिथे धडधाकट पायऱ्या आहेत तिथूनच बुरुजावर चढा. फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, काही ठिकाणी खचलेली आहे. तिच्या बाहेरच्या काठावर पाय देऊ नका, आणि मुलांना तटावर उभं करून फोटो काढण्याचा मोह टाळा. झाडांच्या मुळांनी सांधे सैल केलेले असतात. वरून घट्ट दिसणारा चिरा खालून सुटा असू शकतो.

तोफा गंजलेल्या आहेत, तरी वाचता येतात. मागच्या टोकाजवळ वरच्या बाजूला बत्ती देण्याचं छिद्र असतं. मध्यावर दोन्ही बाजूंना जाड खुंटे असतात. त्यांवर तोफ गाड्यात बसे आणि वर-खाली झुके. नळीच्या भोवतीचे जाड कडे, तोंडाचा व्यास, लांबी यांची नोंद करा. एक सावधगिरी मात्र बाळगा. तोफ आज जिथे पडली आहे तिथेच ती पूर्वी होती असं धरू नका. गाडे कुजून गेले की तोफा लवंडतात, लोक त्या हलवतात, कधी दुरुस्तीच्या वेळी सरकवल्या जातात. तोफेची मूळ जागा शोधायची तर तोफेकडे न पाहता तटातल्या खिंडीकडे पाहा. आत अरुंद आणि बाहेर रुंद होत जाणारी खिंड दिसली की तिथून मारा होत असे. त्या खिंडीतून बाहेर डोळा लावलात तर नेमकी कुठली वाट रोखायची होती ते दिसेल. तोफेवर बसू नका. खाऱ्या हवेत लोखंडाचे पापुद्रे सुटतात, आणि घासला गेलेला प्रत्येक पापुद्रा कायमचा जातो.

चौथा टप्पा: इगर्ज आणि तुरुंग

आत पांढरीशुभ्र इगर्ज, म्हणजे चर्च आहे, सेंट अँथनीची. पडक्या किल्ल्यातली ती जिवंत वास्तू आहे. तिथे आजही प्रार्थना होते. तेव्हा आवाज कमी, कपडे नीटनेटके, आणि दार उघडं असलं तरी आत कोणी प्रार्थनेला बसलं असल्यास कॅमेरा खाली.

गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोलच्या किल्ल्यातली इगर्जही याच संताची आहे. दोन टोकांच्या दोन किल्ल्यांत एकच संत असणं मला योगायोग वाटत नाही. पोर्तुगीज सैनिकांची या संतावर अपार श्रद्धा होती. पोर्तुगालात तर त्याला पलटणीत हुद्दा देऊन पगारही लावण्यात आला होता. घरापासून हजारो कोसांवर, पावसाने वाट बंद झालेल्या कड्यावर राहणाऱ्या शिबंदीला, म्हणजे किल्ल्यावरच्या फौजेला, कोणाचा आधार वाटत असेल, ते या इगर्जीपुढे उभं राहिल्यावर समजतं.

आसपासच्या पडक्या भिंतींत शिबंदीच्या राहण्याच्या जागा होत्या. पुढे हाच किल्ला सरकारी तुरुंग झाला आणि १९५५ पर्यंत तसा वापरला गेला. म्हणजे आज गोव्यात हयात असलेल्या वयस्क माणसांच्या लहानपणी खोलगड हे नाव भीतीचं होतं. गावात एखादे आजोबा बोलते झाले तर त्यांच्याशी कोंकणीत 'देव बरो दीस दिवूं' म्हणून सुरुवात करा आणि ऐका. अशा आठवणी कुठल्याही फलकावर लिहिलेल्या नसतात.

पाचवा टप्पा: पाणी

किल्ला कितीही बळकट असो, आत गोडं पाणी नसेल तर वेढ्यात तो फार दिवस तग धरत नाही. समुद्रातल्या भूशिरावर ही अडचण मोठी. खोलगडाच्या वर्णनांत आतल्या गोड्या पाण्याच्या झऱ्यांचा उल्लेख येतो, आणि त्याचं गुपित पुन्हा जांभ्यातच आहे. पावसाचं पाणी सच्छिद्र सड्यातून खाली झिरपतं. जांभ्याखाली चिकणमातीचा थर लागला की त्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते आडवं वाहत उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. म्हणून पाणी शोधताना सपाट माथ्यावर न भटकता उताराकडे, जिथे झाडी एकदम गर्द होते तिकडे पाहा. उन्हाळ्यातही हिरवी राहिलेली झाडं, ओलसर माती, घासून गुळगुळीत झालेल्या पायऱ्या या खुणा. रानात शिरताना काठी पुढे आपटत जा. पाचोळ्यात साप असतात. मळलेली वाट नसेल तर लांबूनच पाहून परत फिरा. सापडलेलं पाणी पिऊ नका.

सहावा टप्पा: कडा

आता पश्चिमेला. झाडीतून वाट उघड्यावर येते आणि समोर अरबी समुद्र. उत्तरेला खालचा किनारा आणि बेतूलच्या दिशेची भूशिरं, दक्षिणेला आगोंदकडे जाणारी किनाऱ्याची रेघ. दुर्बीण इथे काढा. तांबड्या पाठीच्या घारी कड्याच्या वाऱ्यावर तरंगत असतात.

या जागेची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. जांभ्याच्या कड्याचा वरचा थर कठीण आणि खालचा भुसभुशीत असतो. खालचा भाग झिजून जातो आणि वरचा नुसता पुढे लटकत राहतो. काठावर उभं राहणाऱ्याला ते दिसत नाही. काठापासून निदान दोन-तीन मीटर मागे राहा. बसायचं असेल तर आणखी मागे. सेल्फीसाठी पाठ समुद्राकडे करून मागे सरकणं तर अजिबात नको. खाली उतरणाऱ्या वाटा दिसतील, त्या धरू नका. पावसाने त्या दर वर्षी बदलतात, आणि खाली भरतीचं पाणी थेट खडकांवर येतं.

ड्रोन उडवणं, आग पेटवणं, दारूच्या बाटल्या आत नेणं हे इथे कोणीच करू नये. प्लास्टिक परत न्यायची पिशवी सोबत ठेवा, आणि दुसऱ्याने टाकलेली एक-दोन बाटल्याही उचला.

परतताना

दरवाजातून बाहेर पडताना पुन्हा एकदा तटाकडे पाहा आणि वहीतल्या नकाशावर दरवाजा, बुरूज, इगर्ज, पाण्याची जागा आणि कडा यांच्या खुणा जुळवून घ्या. जे जुळत नाही ते लगेच जाऊन तपासता येतं. घरी गेल्यावर ते शक्य नसतं. कुठे नुकतीच पडझड झालेली दिसली तर तारखेसकट फोटो काढून राज्य पुरातत्त्व खात्याला कळवा.

बाहेर आडसर, म्हणजे शहाळं, मिळालं तर जरूर प्या. गावात खोला मिरची मिळते का तेही विचारा. याच डोंगरउतारांवर पावसाच्या पाण्यावर होणारी ही मिरची तिच्या लाल रंगासाठी प्रसिद्ध आहे आणि तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. दुपार मोकळी असेल तर दक्षिणेला काणकोणात श्रीस्थळच्या मल्लिकार्जुन मंदिरातले कोरीव लाकडी खांब पाहून घ्या.

पुढच्या खेपेसाठी हळर्णचा किल्ला सुचवतो, पेडणे तालुक्यात, शापोरा नदीकाठी. सावंतवाडीकर भोसल्यांचा तो किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला आणि त्या विजयाबद्दल त्यांच्या व्हाइसरॉयला मार्किस ऑफ आलोर्ना हा किताब मिळाला. हीच बाहेरून आतली फेरी तिथेही करता येते. फक्त समुद्राच्या जागी नदी धरायची, आणि शत्रू कुठल्या घाटाला उतरला असता इथून सुरुवात करायची.